संशोधन प्रयोगशाळेबाहेर कसं न्यायचं: नागपुरातल्या नव्या संशोधकांसाठी पायरी-पायरीने

नागपुरात विज्ञानाची कमी नाही. पाणी, हवा आणि सांडपाण्यावर १९५८ पासून काम करणारी नीरी इथे आहे. १९७६ पासूनची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. व्हीएनआयटी, १९४२ ची आणि २०२३ मध्ये विद्यापीठ झालेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, एम्स, पशुविज्ञान विद्यापीठ, शंभरी ओलांडलेलं नागपूर विद्यापीठ ही यादी वेगळीच. आणि याच शहराच्या भोवती बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या एमआयडीसी आहेत, काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा आहेत, कापसाची शिवारं आहेत. प्रयोगशाळेतून निघून तिथे पोहोचायला गाडीने तास-दीड तास लागतो. संशोधनाला मात्र तेवढंच अंतर कापायला वर्षं लागतात आणि पुष्कळदा ते पोहोचतच नाही.

कारण उघड आहे. शोधनिबंध आपण आपल्याच क्षेत्रातल्या परीक्षकांसाठी लिहितो, आणि तेच लेखन थोडं सोपं करून लोकांपुढे ठेवतो. त्याने काम होत नाही. पीएच.डी. करणारे, प्रकल्पावर नुकतेच रुजू झालेले, पहिल्यांदाच शेतकरी मेळाव्यात किंवा उद्योजकांच्या बैठकीत उभे राहणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे.

पायरी १ : समोरच्याला काय ठरवायचं आहे ते आधी शोधा

"माझ्या कामाबद्दल लोकांना काय सांगू?" हा प्रश्न बाजूला ठेवा. "समोरच्या माणसाला येत्या काही दिवसांत काय ठरवायचं आहे?" इथून सुरुवात करा. ही पायरी जमली की पुढचं निम्मं काम झालं असं मी मानतो.

नीरीच्या फायटोरिड तंत्रज्ञानाचं उदाहरण घ्या. खडी-गोट्यांच्या थरांतून सांडपाणी सावकाश वाहतं, त्यात कर्दळीसारखी पाणथळ झाडं लावलेली असतात, आणि मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण कमी करतात. संशोधकाला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते या सूक्ष्मजीवांबद्दल. पण मनीषनगरातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला काय विचारायचं असतं? जागा किती लागेल? वास येईल का? डास होतील का? विजेचं बिल किती? झाडं कोण छाटणार?

डासांच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येतं: पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहतं, वर उघडं साचत नाही, म्हणून डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. या एका वाक्यात त्या रचनेचं विज्ञान आलं. आणि ते सेक्रेटरीच्या लक्षात राहतं, कारण प्रश्न त्यांचा होता. पुढच्या सभेत सभासदांनी विचारलं तर तेच वाक्य ते स्वतः सांगतील.

हेच तंत्रज्ञान महापालिकेच्या अभियंत्यापुढे मांडताना पावसाळ्यात वाढणारा प्रवाह, जमीन, देखभालीचा ठेका आणि शुद्ध झालेलं पाणी बागांना देता येईल का, यावर बोलावं लागतं. बुटीबोरीतल्या कापड-प्रक्रिया कारखान्याच्या मालकापुढे तर आणखी वेगळं. त्याच्या पाण्यात रंग आणि रसायनं असतात. त्याच्या सांडपाण्याची चाचणी न करता "होऊन जाईल" असं कधीही म्हणू नका.

म्हणून बोलायला किंवा लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. ऐकणारा कोण, त्याच्यापुढे कोणता निर्णय आहे, आणि तो निर्णय त्याला कधीपर्यंत घ्यायचा आहे. एखादी ओळ भरता आली नाही तर अंदाज करू नका, जाऊन विचारा. कळमन्याच्या बाजारात सकाळी गेलात तर संत्र्याचे व्यापारी आणि बागायतदार दोघंही भेटतात. उद्योजकांसाठी सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या कार्यक्रमांना जाऊन बसा. गावासाठी कृषी विज्ञान केंद्र आणि तुमच्या ओळखीतला कृषी सहायक हे दोन चांगले दरवाजे आहेत.

पायरी २ : निष्कर्ष आणि त्याची मर्यादा एकाच दमात सांगा

नमुन्यासाठी एक काल्पनिक काम घेऊ. संत्र्याच्या डिंक्या रोगाला कारण असलेल्या फायटोफ्थोरावर कोणीतरी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी तपासली. निबंधातलं वाक्य साधारण असं असेल:

"ट्रायकोडर्माच्या स्थानिक विलगाने द्विसंवर्धन पद्धतीत फायटोफ्थोराच्या कवकजालवाढीस ६८ टक्के प्रतिबंध दर्शविला."

नरखेडच्या बागायतदाराला ते असं सांगायला हवं:

"डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोराला अडवणारी एक चांगली बुरशी आपल्याच भागातल्या मातीत सापडली आहे. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत तिने रोगजंतूची वाढ सुमारे दोन-तृतीयांशाने कमी केली. बागेत अजून तिची चाचणी झालेली नाही. म्हणून आज काही बदलू नका, चालू असलेला उपचार सुरूच ठेवा. बागेतली चाचणी सुरू झाली की आम्ही कळवू."

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "आज काही बदलू नका" हे आहे. ते गाळलं तर लोक स्वतःच्या मनाने निष्कर्ष काढतात. बशीत वाढलेल्या बुरशीला ना नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसावं लागतं, ना काळ्या भारी जमिनीत तुंबलेलं पाणी, ना मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांशी स्पर्धा करावी लागते. म्हणून काम कोणत्या टप्प्यावर आहे ते दरवेळी नाव घेऊन सांगा: बशीत, कुंडीत, संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर, शेतकऱ्याच्या शेतात, की अनेक गावांत अनेक हंगाम. "संशोधनातून सिद्ध झालं आहे" या वाक्यात हे पाचही टप्पे एकमेकांत मिसळून जातात. ते वाक्य मी कोणाच्याही मसुद्यात दिसलं की खोडतो.

मर्यादा सांगितली तर लोकांचा विश्वास उडेल ही भीती नव्यांना फार असते. अनुभव उलटा आहे. ज्याने पहिल्या भेटीत "हे अजून माहीत नाही" असं स्पष्ट सांगितलं, त्याला दुसऱ्या भेटीत लोक स्वतःहून फोन करतात. गुंतवणूक करणारा उद्योजक तर मर्यादा आधीच विचारतो, आणि ती न सांगणाऱ्याकडे पुन्हा जात नाही.

पायरी ३ : आकडे ऐकणाऱ्याच्या मापात बसवा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

कापसाच्या निबंधात उत्पादन "किलो रुई प्रति हेक्टर" असं येतं. शेतकरी मोजतो "एकरी किती क्विंटल कापूस". या दोन मापांत दोन बदल आहेत आणि पुष्कळ जण त्यातला एकच करतात. समजा निबंधात हेक्टरी ५०० किलो रुई असं आहे. कापूस म्हणजे रुई आणि सरकी मिळून. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर ५०० किलो रुईसाठी सुमारे १,४७० किलो कापूस लागतो. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणून एकरी सुमारे ५९५ किलो, म्हणजे जवळजवळ ६ क्विंटल. आता तुम्ही "एकरी ६ क्विंटल" म्हणालात की शेतकरी लगेच आपल्या मागच्या वर्षाशी ताडून बघतो. "हेक्टरी ५००" ऐकून त्याने हेक्टरी ५ क्विंटल कापूस, म्हणजे एकरी २ क्विंटल असा अर्थ लावला, तर तुमचं चांगलं वाण त्याच्या लेखी बाद झालं. आणि मग मागच्या रांगेतून तो प्रश्न येतोच: "सर, ते सगळं ठीक आहे, पण एकरी खर्च किती येते अन् कापूस किती होते, ते सांगा न."

या प्रश्नाला तयार उत्तर असायलाच हवं. खर्चासकट.

इथेच "सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय" या शब्दप्रयोगाचाही विचार करा. एकरी २० किलोंचा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरू शकतो, म्हणजे तो निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी. पण त्या २० किलो कापसाच्या किमतीतून एका फवारणीची मजुरीही निघत नसेल, तर शेतकऱ्यासाठी तो फरक नाहीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेतकऱ्याला दुसरी सांगा.

पाण्याच्या नमुन्यांबद्दल बोलताना पीपीएम हा शब्द सुटा सोडू नका. पाण्यात १ पीपीएम म्हणजे साधारण एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. फ्लोराइडसाठी भारतीय मानकात १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. गावच्या विहिरीच्या पाण्यात किती सापडलं ते सांगताना ही मर्यादा त्याच वाक्यात द्या आणि पुढच्या वाक्यात काय करायचं ते. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण पाणी खराब म्हटलं की घरोघरी पहिली कृती उकळण्याचीच असते.

हवेच्या बाबतीत कोणतं मानक हे सांगणं भागच आहे. पीएम २.५ या बारीक धूलिकणांसाठी २४ तासांच्या सरासरीचं भारतीय मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मार्गदर्शक पातळी १५ आहे. म्हणजे ६० हा एकच आकडा एका बातमीत "मर्यादेत" असतो आणि दुसरीत "चौपट" होतो. तुम्ही दोन्ही सांगितलंत तर वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येतं.

धोक्याचे आकडे टक्क्यांत सांगताना फार जपा. दहा हजारांमागे २ जणांना होणारा आजार ३ जणांना झाला, तर धोका ५० टक्क्यांनी वाढला हे खरं, आणि दहा हजारांत एकाने वाढला हेही खरं. नुसतं पहिलं सांगितलं तर घबराट होते. नेहमी किती जणांमागे किती, हे आधी सांगा. टक्के मागाहून.

पायरी ४ : शब्द

यावर फार वेळ घालवू नका. ज्या रोगाला, किडीला, यंत्राला लोकांकडे आधीच नाव आहे, ते वापरा: डिंक्या, कोळशी, बोंडअळी, डोमकळी, आंबिया बहार, मृग बहार. जिथे लोक इंग्रजी शब्दच बोलतात तिथे तोच ठेवा. मोटार, पंप, फिल्टर, टेस्ट रिपोर्ट हे शब्द मराठी घरांत रोज बोलले जातात. पूर्ण नवा शब्द आलाच तर एकदा उलगडून सांगा आणि मग शेवटपर्यंत तोच वापरा. एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन नावं दिली की ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

साध्या सांगण्याचा एक उत्तम नमुना आपल्याच शहरातला आहे. २०२१ मध्ये नीरीने करोनाच्या चाचणीसाठी सलाइन गार्गल पद्धत पुढे आणली. रुग्णाने मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या आणि ते पाणी नळीत सोडायचं. नाकात काडी घालायला नको, नमुना घ्यायला प्रशिक्षित माणूस नको. आत आरएनए, पीसीआर असं सगळं होतंच. पण लोकांना जे करायचं होतं ते गुळण्या करणं, आणि सांगितलं गेलं तेही तेच.

पायरी ५ : तोंड उघडण्याआधी पेटंटचं बघा

ही पायरी उद्योगांकडे जाणाऱ्यांसाठी सक्तीची समजा. पेटंटची पहिली अट नावीन्य ही आहे. अर्ज करण्याआधी तुम्ही ती कल्पना निबंधात छापली, वृत्तपत्राला सांगितली किंवा तिचा व्हिडिओ टाकला, तर ती सार्वजनिक झाली आणि नावीन्य गेलं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात काही ठरावीक प्रसंगी, उदाहरणार्थ विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाच्या बाबतीत, १२ महिन्यांची सवलत आहे. पण ती अरुंद आहे आणि इतर देशांत ती मिळेलच असं नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

क्रम असा ठेवा. आधी मार्गदर्शकांशी आणि संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाशी बोलणं, मग तात्पुरत्या विवरणासह अर्ज, आणि मग परिषद, बातमी, प्रदर्शन. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण विवरण द्यायला १२ महिने मिळतात. या वर्षभरात उद्योजकांशी बोलून, चाचण्या वाढवून दावे नेमके करता येतात. अर्जाआधीच एखाद्या कंपनीशी बोलणं टळत नसेल तर गोपनीयतेचा करार करून बोला, आणि तरीही "काय होतं" तेवढं सांगा, "कसं होतं" ते राखून ठेवा.

पण सगळंच लपवायचं नसतं, हेही लक्षात घ्या. शेती किंवा बागायतीच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, वनस्पती आणि बियाण्यांनाही नाही. नवीन वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. म्हणजे छाटणीची, ओलिताची, सापळे लावण्याची सुधारित पद्धत तुमच्याकडे असेल तर ती मनमोकळेपणाने आणि लवकर सांगा. ती अडवून ठेवण्यात कोणाचंच भलं नाही.

या विषयातल्या शिक्षणासाठी नागपूरकरांना बाहेर जावं लागत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिथलं एखादं प्रशिक्षण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातच करून टाका.

पायरी ६ : उद्योजकाकडे जाताना

एक पान न्या. सादरीकरणाच्या चाळीस स्लाइड नकोत. त्या एका पानावर सगळ्यात वर त्याचा खर्च किंवा त्याची अडचण असावी, मग तुमचं तंत्र काय करतं, आज तो जे वापरतो त्याच्याशी तुलना, चाचणी कुठे आणि किती प्रमाणावर झाली, आणि शेवटी तुम्हाला त्याच्याकडून काय हवं. हे शेवटचं बहुतेक जण लिहीतच नाहीत. जागा हवी, कच्चा माल हवा, सहा महिने एक मशीन हवं, की परवाना घेऊन उत्पादन करावं असं तुमचं म्हणणं आहे? उद्योजक भेटीनंतर हाच विचार करतो की आता मी काय करू.

तंत्रज्ञानाची तयारी सांगायला १ ते ९ अशी एक पट्टी जगभर वापरतात. ती नासातून आली. १ म्हणजे मूळ तत्त्व कळलं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात चालून सिद्ध झालं. विद्यापीठातलं बरंचसं काम ३ किंवा ४ वर असतं. तसं असेल तर तसंच सांगा. लहान उद्योजकाला ७-८ वरचं हवं असतं, आणि तुम्ही ४ वर असाल तर तो तुमचा ग्राहक नाही, पण चाचणीतला सोबती होऊ शकतो.

प्रमाण वाढवण्याबद्दल तो विचारेलच. अर्धा लिटरच्या काचपात्रात जमलेली अभिक्रिया मोठ्या टाकीत तशीच होत नाही. भांड्याची प्रत्येक बाजू दहापट केली तर आतलं द्रव्य हजारपट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारी भिंत फक्त शंभरपट. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट उष्णतेचा भार येतो. हे तुम्ही आपणहून मांडलंत आणि त्यावर काय उपाय केला किंवा करायचा आहे ते सांगितलंत, तर कारखाना चालवणाऱ्या माणसाला कळतं की हा आपल्या भाषेत बोलतोय.

कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेपासून विटा करणाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याच्यापुढे तुम्ही राखेतल्या सिलिका-अॅल्युमिनाच्या रासायनिक बंधांपासून सुरुवात केलीत तर तो ऐकून घेईल, कारण आपल्याकडे मास्तरांचा मान राखतात. पण त्याला हवं असतं ते हे: वीट किती भार सोसते, साच्यातून काढल्यावर किती दिवसांनी विकता येते, पाणी किती दिवस मारायचं, ट्रकमध्ये किती फुटतात, आणि राखेची खेप बदलली तर मिश्रण बदलावं लागेल का. यातला शेवटचा प्रश्न खरा वैज्ञानिक आहे. कोळसा बदलला की राख बदलते. त्या प्रश्नावरून तुम्ही त्याला रासायनिक बंधांपर्यंत सहज नेऊ शकता, आणि तेव्हा तो कान देऊन ऐकतो.

भेटीनंतर दोन दिवसांत एक लहान ईमेल किंवा व्हॉट्सअॅप निरोप: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. बस.

पायरी ७ : शिवारात आणि गावात

सभागृहापेक्षा बांधावर बोला. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं आहे. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी, भारतात २००२ मध्ये आला, आणि दोन जनुकांमुळे अशी दोन प्रथिनं बनवणारं बीजी-२ २००६ मध्ये. पुढे या अळीत दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकार आला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात मोठं नुकसान झालं. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं, आणि बाहेरून बोंड निरोगी दिसतं. शेतकऱ्याला हे शब्दांत सांगून पटत नाही. एक हिरवं बोंड तोडा, त्याच्यासमोर अंगठ्याने फोडा, पाकळीच्या आतली गुलाबी अळी आणि कुरतडलेली सरकी दाखवा. मग त्यालाच त्याच्या शेतातली २० बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून आणायला सांगा. दोन बोंडांत अळी निघाली तर १० टक्के झालं, म्हणजे उपाय करायची वेळ आली. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा जास्त पतंग सापडले, तरीही तेच.

बघा, आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे कीड किती झाली की उपाय करायलाच हवा, ही संकल्पना पुस्तकात पानभर असते. इथे ती "वीस बोंडं, दोन अळ्या" इतक्यात बसली, आणि शेतकरी ती तुमच्याशिवाय उद्याही मोजू शकतो. तुमच्या कामातही असं काहीतरी शोधा, जे माणूस स्वतःच्या हाताने तपासू शकेल.

फवारणीबद्दल बोलताना सुरक्षेचा भाग आधी सांगा, शेवटी नाही. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हातमोजे, तोंडावरचं संरक्षण, वाऱ्याच्या विरुद्ध न फवारणं, मनाने औषधांचं मिश्रण न करणं, आणि चक्कर-मळमळ सुरू होताच औषधाच्या डब्यासकट दवाखाना गाठणं, हे सगळं मात्रेच्या आधी. बाया-माणसं मजूर म्हणून तिथे असतात, त्यांनाही पुढे बसवा. माहिती बहुधा शेतमालकाला दिली जाते आणि पंप दुसऱ्याच्याच पाठीवर असतो. आणि ज्या पिकासाठी ज्या औषधाची नोंदणी नाही, ते तुमच्या प्रयोगात कितीही चांगलं ठरलेलं असो, मेळाव्यात त्याची शिफारस करू नका.

शाळकरी मुलांसाठी गांधीसागराजवळचं रामन विज्ञान केंद्र आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन या दोन तयार जागा आहेत. जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठात इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती, तेव्हा नागपूरला एवढं मोठं व्यासपीठ घरीच मिळालं. पण त्या प्रसंगाची वाट बघण्यापेक्षा एखाद्या नगर परिषदेच्या शाळेत तासभर जाणं जास्त उपयोगाचं आहे.

पायरी ८ : पत्रकाराशी बोलताना

बातमीला लागणारं एवढंच: काय सापडलं, लोकांना त्याचं काय, कोणी केलं, कुठे प्रसिद्ध झालं, पुढे काय. अडीचशे शब्द पुरे, सोबत कामाचा एक चांगला फोटो. संस्थेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आधी घ्या. मथळा पत्रकार देतो, म्हणून तुम्हाला नको असलेला अर्थ स्पष्ट शब्दांत लिहून द्या: "ही चाचणी प्रयोगशाळेतली आहे, औषध बाजारात नाही." संध्याकाळी बातमी लागायच्या वेळी फोन उचला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आणण्यापेक्षा ते सोपं आहे. आकाशवाणीवर बोलायचं असेल तर लिहिलेलं वाचू नका, मुद्द्यांचा कागद समोर ठेवून बोला. वाचलेलं ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

पायरी ९ : पोहोचलं का ते तपासा

बोलणं संपल्यावर "समजलं ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "भाऊ, घरी जाऊन हे कसं सांगाल?" असं विचारा. जे परत ऐकू येईल तेच पोहोचलेलं असतं. जिथे ते बदललेलं असेल, तिथे तुमचं वाक्य बदला, त्याला दोष देऊ नका. लेखी मजकुरासाठी तुमच्या विषयाबाहेरच्या दोघांना वाचायला द्या. त्यातला एक जण ऐकणाऱ्यांच्याच व्यवसायातला असावा.

मग महिनाभराने एक फोन. सापळे लावले का, पाण्याचा नमुना पुन्हा तपासला का, मशीनवर चाचणी घेतली का? लावले नसतील तर का नाही, ते नीट लिहून घ्या. सापळा होता पण त्यातलं लूर, म्हणजे पतंगांना ओढणारं गंधाचं आमिष, तालुक्यात मिळालं नाही, मशीन होतं पण ऑपरेटर सुट्टीवर होता, नमुना न्यायला बाटली नव्हती, अशी कारणं निघतात. ती वही तुमच्या मार्गदर्शकांना दाखवा. पुढच्या प्रयोगाचा प्रस्ताव लिहिताना ती टेबलावर असू द्या.